वंडर बॉय आणि ॲडव्हेंचर आयलंड: बाहुली म्हणजे मडकं नव्हे

‘ॲडव्हेंचर आयलंड ही वंडर बॉयची चोरी’ हे आता कुणी म्हणू नये. वंडर बॉय हा १९८६ चा व्हिडिओ गेम बनवला एस्केप या जपानी कंपनीनं, तीच पुढे वेस्टन झाली. ‘वंडर बॉय’ हे नाव तेवढं तो बाजारात आणणाऱ्या सेगा कंपनीचं. म्हणून हडसन या दुसऱ्या जपानी कंपनीनं रीतसर परवाना घेतला, नाव बदलून ‘ॲडव्हेंचर आयलंड’ केलं आणि १९८६ मध्येच गेम फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलवर आणला. नायक म्हणून बसवला आपल्याच कंपनीचा माणूस ताकाहाशी मेइजिन, सेकंदाला १६ वेळा बटण दाबण्यासाठी गाजलेला. जपानबाहेर तोच मास्टर हिगिन्स. आपल्याकडे कॅसेटमधून घरोघरी पोचला तो हा.

दगडी कुऱ्हाड, स्केटबोर्ड, फळं खाऊन टिकवायची ताकद, हे दोन्हीकडे सारखंच. फायरचं बटण दाबून धरलं की धाव वाढते आणि उडीही उंच जाते, तेही तसंच.

खरा घोळ होतो तो बाहुलीपाशी. ॲडव्हेंचर आयलंडच्या प्रत्येक राउंडमध्ये एक मडकं असतं. मिळालं तर राउंड संपताना बोनस दुप्पट, नाही मिळालं तर फक्त गुण बुडाले. ८ एरिया, प्रत्येकी ४ राउंड, असे ३२ राउंड मडक्याशिवायही पार होतात. वंडर बॉयच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मूळ मशीनवर, त्या जागी बाहुली आहे आणि बोनस तीही दुप्पट करते. त्यामुळे हिगिन्सवर हात बसलेला माणूस तिला मडकंच समजतो, अवघड जागी दिसली की सोडून पुढे पळतो. पण तिथं ७ एरियांच्या २८ राउंडमधल्या सगळ्या बाहुल्या गोळा केल्या तरच आठवा एरिया उघडतो. पहिल्याच राउंडची बाहुली सुटली, तरी सातव्या एरियाला गेम संपला. म्हणून वंडर बॉयमध्ये स्केटबोर्ड जपून घ्यावा. तो थांबत नाही, फक्त हळू होतो, आणि बाहुली मागे राहून जाते.

हिगिन्सवाल्यांनी जपायचं ते मधमाशीला. पहिल्या एरियाच्या पहिल्या राउंडच्या शेवटी, गोलच्या पाटीजवळ, एक अंडं लपलेलं असतं. ते फोडून मधमाशी घेतली की गेम ओव्हरनंतर दिशेचं बटण धरून स्टार्ट दाबायचं, म्हणजे खेळ पुढे चालू राहतो. ती न घेता ३२ राउंड काढायला बसणं म्हणजे फुकटची मेहनत. आणि वांगं दिसलं की लांब पळा, ते ताकद भराभर शोषतं.

पुढचे भाग एकमेकांचे समजून शोधू नका. १९८७ चा वंडर बॉय इन मॉन्स्टर लँड तलवार, नाणी आणि दुकानांचा गेम आहे. पळत उड्या मारायची मूळ मजा हडसननं जपली. १९९१ च्या ॲडव्हेंचर आयलंड २ मध्ये तर बसायला डायनासोर आहेत, शिवाय मिळालेल्या वस्तू साठवून पुढच्या राउंडला वापरता येतात. या मालिकेतला सर्वांत चांगला गेम तोच.