अर्गोनचे नवे वलय: ॲडव्हान्स्ड फोटॉन सोर्सच्या नूतनीकरणाची पार्श्वभूमी

शिकागो शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे 40 किलोमीटरवर असलेल्या अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील ॲडव्हान्स्ड फोटॉन सोर्स हा क्ष-किरणांचा महाकाय स्रोत 17 एप्रिल 2023 रोजी ठरवून बंद करण्यात आला. त्याचे 1,104 मीटर परिघाचे साठवण-वलय, म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने तासन् तास फिरत राहतात ती सगळी यंत्रणा, उखडून काढण्यात आली आणि त्याच बोगद्यात नवे वलय बसवण्यात आले. 81.5 कोटी डॉलर खर्चाच्या या कामामागे जे गणित आहे, ते भौतिकशास्त्रज्ञांना कित्येक वर्षे ठाऊक होते. ते लोखंड-तांब्यात उतरवण्याची साधने मात्र अलीकडेच हाती आली, आणि या नूतनीकरणाचा इतिहास हा मुख्यतः त्या साधनांचा इतिहास आहे.

वेगवान इलेक्ट्रॉनला चुंबकाने वळवले की तो प्रकाश टाकतो. 24 एप्रिल 1947 रोजी न्यूयॉर्क राज्यातील शेनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतील एका लहान सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून त्यांचा वेग वाढवणाऱ्या यंत्रावर, हा प्रकाश प्रथम डोळ्यांना दिसला. त्या यंत्राची निर्वात नळी पारदर्शक होती, म्हणूनच तो दिसू शकला. कणभौतिकीच्या अभ्यासकांच्या दृष्टीने तो निव्वळ तोटा होता, कारण इलेक्ट्रॉनचा वेग वाढवण्यासाठी पुरवलेली ऊर्जा त्या वाटेने निसटून जात होती. पुढची दोन-तीन दशके ज्यांना हा प्रकाश प्रयोगासाठी हवा होता, ते दुसऱ्यांच्या यंत्रांवर उपऱ्यासारखे वावरले. स्टॅनफर्डच्या स्पीअर या वलयावर 1974 मध्ये क्ष-किरणांचे प्रयोग सुरू झाले, पण वलय कधी आणि किती ऊर्जेवर चालवायचे हे कणभौतिकीवाले ठरवत. इंग्लंडमध्ये डेअर्सबरी येथे 1981 मध्ये केवळ या किरणांसाठी बांधलेला स्रोत चालू झाला, तेव्हा हे परावलंबन संपू लागले.

त्यानंतरचा मोठा बदल अंड्युलेटरमुळे झाला. वलयाच्या सरळ भागात आलटून-पालटून उत्तर-दक्षिण ध्रुव मांडलेली चुंबकांची लांब रांग बसवली, की इलेक्ट्रॉन तिच्यामधून नागमोडी जातो, आणि प्रत्येक वळणावर निघालेला प्रकाश एकमेकांत मिसळून एका अरुंद, अतिशय प्रखर झोतात गोळा होतो. या सरळ भागांना केंद्रस्थानी ठेवून तिसऱ्या पिढीचे तीन मोठे स्रोत 1990च्या दशकात उभे राहिले: फ्रान्समधील ग्रेनोबलचा युरोपियन सिंक्रोट्रॉन, अर्गोनचा ॲडव्हान्स्ड फोटॉन सोर्स आणि जपानमधील स्प्रिंग-8. अर्गोन येथे बांधकाम 1990 मध्ये सुरू झाले आणि मार्च 1995 मध्ये पहिले क्ष-किरण मिळाले.

या स्रोताने काय दिले, हे रायबोसोमच्या उदाहरणावरून नीट समजते. पेशीतील प्रथिने जिथे जुळवली जातात त्या या यंत्रणेच्या लहान घटकाची अणूपर्यंतची रचना वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने 2000 मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यासाठीची निर्णायक मोजमापे अर्गोनच्या किरणांवर घेतली होती. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या रामकृष्णन यांना 2009 मध्ये थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एकच प्रयोग सांगितला, तरी या वलयाभोवती दरवर्षी 5,000 हून अधिक संशोधक येऊन काम करत असत, आणि त्यात औषधे, बॅटऱ्या, विमानांच्या इंजिनांचे मिश्रधातू, पृथ्वीच्या गाभ्याजवळचा प्रचंड दाब असे सर्व काही होते. 2001 पासून अर्गोनने दर काही मिनिटांनी थोडे थोडे इलेक्ट्रॉन भरत राहून झोताची तीव्रता स्थिर ठेवण्याची पद्धत नियमित केली, जी पुढे जगभर रूढ झाली.

मग हे चालते वलय मोडायचे कशासाठी? कारण झोताची प्रखरता केवळ किती किरण निघतात यावर ठरत नाही. इलेक्ट्रॉनांचा पुंज किती बारीक आणि किती समांतर आहे यावरही ती अवलंबून असते. पुंजाचा आकार आणि पसरट जाण्याची प्रवृत्ती यांच्या एकत्रित मापाला एमिटन्स म्हणतात. वळणावर इलेक्ट्रॉन प्रकाशकण टाकतो तेव्हा त्याची ऊर्जा किंचित घटते, तो आपल्या मार्गावरून सरकतो आणि हेलकावू लागतो. असे असंख्य हेलकावे मिळून पुंज आडवा पसरतो. जुन्या वलयातील पुंज त्यामुळे चपट्या पट्टीसारखा होता, उंचीपेक्षा रुंदीने कितीतरी मोठा. वळण जितके हलके, तितका हा पसरटपणा कमी, आणि तो वळणाच्या कोनाच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. ऊर्जेचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात होतो.

हे आकड्यांत मांडून पाहण्यासारखे आहे. जुन्या वलयाचे 40 भाग होते आणि प्रत्येक भागात वळवणारे दोन चुंबक, म्हणजे एकूण 80. प्रत्येक भागात दोनाऐवजी सात वळणे केली, तर 280 होतात, म्हणजे साडेतीन पट. साडेतीनचा घन सुमारे 43. त्यात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा 7 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टवरून 6 अब्जांवर आणली, की आणखी 1.36 पटींचा फायदा मिळतो. दोन्ही मिळून एमिटन्स सुमारे 58 पटींनी घटायला हवे. जुने एमिटन्स 3.1 नॅनोमीटर-रेडियन, म्हणजे 3,100 पिकोमीटर-रेडियन होते; हिशेबाने ते 53 वर यावे. प्रत्यक्ष आराखड्यात, काही चुंबकांनी उलट दिशेने किंचित वळवण्याची युक्ती आणि इतर बारकावे धरून, ते 42 ठरवले गेले. इतके मोठे यंत्र पाठकोऱ्या कागदावरच्या हिशेबाच्या इतके जवळ राहते, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत देखणे वाटते.

अनेक वळणांची ही मांडणी 1990च्या दशकातच डीटर आइनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवली होती. अडचण अशी, की तेवढ्याच परिघात साडेतीन पट वळणे आणि त्यांच्या मधोमध पुंज आवळणारे चुंबक बसवायचे, तर प्रत्येक चुंबक लहान पण अधिक जोरकस हवा. त्यासाठी चुंबकाचे ध्रुव झोताच्या अगदी जवळ आणावे लागतात, म्हणून निर्वात नळी अरुंद करावी लागते. आणि अरुंद नळीतून पंपाने हवा ओढणे कठीण जाते. नळीच्या आतल्या पृष्ठभागालाच वायू शोषून घेणाऱ्या धातूंचा पातळ लेप द्यायचा, हा मार्ग जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत विकसित झाला आणि त्यामुळे ही गाठ सुटली. स्वीडनमधील लुंड येथील मॅक्स-4 हे 528 मीटर परिघाचे वलय याच मार्गाने, जेमतेम 22 मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीसह बांधले गेले. जून 2016 मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि सात वळणांची मांडणी खरोखर चालते, हे जगाला दिसले.

मोठ्या ऊर्जेच्या वलयांपुढे आणखी एक प्रश्न होता. पुंज जितका घट्ट आवळावा, तितके निरनिराळ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन निरनिराळ्या जागी केंद्रित होतात. ते सुधारण्यासाठी षट्ध्रुवी चुंबक लागतात आणि ते फार जोरकस झाले, की कडेचे इलेक्ट्रॉन भरकटून नळीवर आदळतात. ग्रेनोबल येथे पांतालेओ रायमोंदी यांच्या नेतृत्वाखाली यावर तोडगा निघाला. प्रत्येक भागात दोन ठरावीक जागी ऊर्जेनुसार मार्ग मुद्दाम दूर दूर होऊ द्यायचे आणि षट्ध्रुवी चुंबक तिथेच ठेवायचे. म्हणजे ते कमी जोरात पुरतात, आणि त्यांचे दुष्परिणामही बरेचसे एकमेकांना रद्द करतात. ग्रेनोबलचे जुने वलय डिसेंबर 2018 मध्ये बंद झाले आणि नव्या वलयावर ऑगस्ट 2020 मध्ये संशोधक परतले. अर्गोनची मांडणी याच संमिश्र आराखड्यावर उभी आहे.

अर्गोनने सुरुवातीला मात्र हा रस्ता धरला नव्हता. 2010 च्या सुमारास मंजुरीच्या वाटेवर असलेली योजना बरीच माफक होती: वलय तेच ठेवायचे, आणि अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) धातूच्या पोकळ्या बसवून काही किरणरेषांवर, म्हणजे वलयापासून प्रयोगांकडे किरण नेणाऱ्या मार्गांवर, फार कमी कालावधीचे क्ष-किरण ठोके मिळवायचे. जुलै 2013 मध्ये अमेरिकी ऊर्जा विभागाच्या मूलभूत ऊर्जाविज्ञान सल्लागार समितीने स्पष्ट इशारा दिला, की युरोप आणि इतर देश अतिशय बारीक झोताच्या वलयांकडे निघाले असताना अमेरिका याच गतीने चालली तर मागे पडेल. अर्गोनने कित्येक वर्षे खपून तयार केलेला आराखडा बाजूला ठेवला आणि सगळे वलयच बदलायचे ठरवले. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत धाडसाचा निर्णय हाच होता, कारण मॅक्स-4 तेव्हा पूर्ण व्हायचे होते आणि एवढ्या ऊर्जेचे असे वलय जगात कुठेच चालत नव्हते.

या निर्णयाची एक किंमत इलेक्ट्रॉन भरण्याच्या पद्धतीत मोजावी लागली. झोत इतका बारीक आणि त्याच्यासाठीची जागा इतकी कमी, की फिरत्या पुंजात बाजूने नवे इलेक्ट्रॉन मिसळण्याची जुनी रीत चालेना. म्हणून जुना पुंज एका झटक्यात बाहेर फेकायचा आणि त्याच्या जागी पूर्ण भरलेला नवा पुंज अचूक मध्यरेषेवर आणायचा, अशी पद्धत स्वीकारली गेली. 48 पुंजांमध्ये 200 मिलिॲम्पिअर प्रवाह ठेवायचा, तर अशा प्रत्येक पुंजात सुमारे 15 नॅनोकूलोम विद्युतभार एकदम यावा लागतो, आणि तोही इलेक्ट्रॉनांची एक फेरी अवघ्या 3.7 मायक्रोसेकंदांत पूर्ण होत असताना. मायकेल बोरलँड यांनी अर्गोन येथे लिहिलेली एलिगंट ही संगणकप्रणाली आज जगभरातील प्रवेगक-अभ्यासक वापरतात. तिच्यासारख्या साधनांशिवाय असे वलय कागदावरही खात्रीने उभे करता आले नसते.

नव्या वलयाचे 1,300 हून अधिक चुंबक बोगद्याबाहेर 200 भागांमध्ये आधीच जोडून, तपासून ठेवले होते, म्हणूनच जुने काढणे आणि नवे बसवणे साधारण वर्षभरात उरकले. एप्रिल 2024 मध्ये नव्या वलयात इलेक्ट्रॉन फिरू लागले आणि जूनमध्ये पहिले क्ष-किरण मिळाले. प्रखरतेचे उद्दिष्ट जुन्याच्या 500 पटींपर्यंत आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे किरणांची सुसंगती: झोतातील लहरी एका तालात असल्या, की भिंगाशिवाय, केवळ विखुरलेल्या किरणांच्या नक्षीवरून संगणकाने वस्तूचे चित्र उभे करता येते, आणि चालू बॅटरीच्या आत एखाद्या कणाला तडा जाताना तो नॅनोमीटरच्या मापात पाहता येतो.

जपानचे स्प्रिंग-8, हॅम्बुर्गचे पेट्रा आणि इंग्लंडचे डायमंड हे स्रोत आता याच वाटेवर आहेत. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-2 हे 2.5 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचे वलय 2005 पासून कार्यरत आहे आणि भारतीय संशोधकांची मोठी गरज भागवते. पण त्याचा परिघ 172.5 मीटर आहे आणि वळवणारे चुंबक 16. घनाचा नियम तिथेही तोच लागू होतो, आणि एवढ्या परिघात वळणे वाढवायला फारशी जागा नाही. म्हणूनच इंदूरचे शास्त्रज्ञ बऱ्याच मोठ्या परिघाचा, अधिक ऊर्जेचा नवा स्रोत देशात उभारण्याचा प्रस्ताव मांडत आले आहेत. तोवर अत्यंत बारीक झोताची मोजमापे घेण्यासाठी आपल्या संशोधकांना हॅम्बुर्ग, ग्रेनोबल किंवा अर्गोनचाच रस्ता धरावा लागतो.