फाइल सर्व्हरचं स्थलांतर: डेटा हलला, नावाचं काय?

फाइल सर्व्हरवरचा शेअर, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणारा फोल्डर, भरत आला की मोठं स्टोरेज येतं आणि सोबत एक अटही येते: कुणाचं काम थांबता कामा नये. ही अट नवी नाही, आणि तिचं उत्तर १९८०च्या दशकातच सापडलं होतं. एका अमेरिकी विद्यापीठातल्या अँड्र्यू प्रकल्पातून निघालेल्या एएफएस या फाइल सिस्टीममध्ये व्हॉल्यूम, म्हणजे फाइल्सचा एक गठ्ठा, वापरात असतानाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता यायचा. तिथे फाइलचा मार्ग एकीकडे आणि ती कोणत्या सर्व्हरवर आहे ही नोंद दुसरीकडे असायची. वापरणाऱ्याला सर्व्हर दिसायचाच नाही.

ऑफिसांमध्ये रुळली ती वेगळीच पद्धत. दोन उलट्या तिरक्या रेघा, मग सर्व्हरचं नाव, मग शेअरचं. मशीनचं नाव थेट पत्त्यात. पुढच्या तीस वर्षांतली निम्मी हत्यारं हा एक निर्णय निस्तरण्यासाठी आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागच्या जागी वाढवता येत असेल तर हलवायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण भिंती मध्ये येतात. एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली डिस्क २ टीबीच्या पुढे जात नाही. ३२ बिटी विंडोज सर्व्हर २००३ला जीपीटी या नव्या पद्धतीने विभागलेली डेटा डिस्क वाचता आली ती २००५च्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टीमचा क्लस्टर, म्हणजे जागा वाटण्याचा सर्वांत छोटा तुकडा, ४ केबीचा असेल तर व्हॉल्यूम १६ टीबीला थांबतो, आणि क्लस्टरचा आकार ठरतो फॉरमॅट करताना. पाच-सात वर्षांपूर्वी कुणीतरी डीफॉल्टवर एंटर मारलेलं असतं, आणि त्याची किंमत आज कॉपी करून चुकवावी लागते.

खुद्द कॉपीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. रोबोकॉपी हे कॉपीचं हत्यार १९९०च्या दशकात विंडोज एनटीच्या रिसोर्स किटमधून आलं, युनिक्सच्या बाजूला १९९६मध्ये आरसिंक आलं. रीत दोन्हीकडे सारखीच: लोक काम करत असताना पहिली फेरी, तिला कितीही दिवस लागोत, मग रोज रात्री फक्त बदललेल्या फाइल्स, आणि शेवटी जुन्या शेअरवर लिहिणं बंद करून एक छोटी फेरी. ही शेवटची फेरी ज्याने रात्री बसून पाहिली आहे, त्याला रोबोकॉपीचा डीफॉल्ट तोंडपाठ असतो. फाइल उघडली नाही तर ३० सेकंद थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा, असं दहा लाख वेळा. कुणी घरी जाताना अ‍ॅक्सेसचा डेटाबेस उघडा ठेवून गेलं की स्क्रीनवर त्या एकाच नावाखाली थांबण्याच्या ओळी साचत राहतात. हिशेब केला तर एका फाइलपायी ३४७ दिवस. म्हणून ते दोन्ही आकडे आधीच १ करून ठेवायचे आणि कोणत्या फाइल सुटल्या ते सकाळी लॉगमध्ये बघायचं.

नावाला हात न लावता निभावण्याची एक जुनी युक्ती होती. नवं स्टोरेज त्याच सर्व्हरला जोडायचं, डी ड्राइव्हवरचं सगळं ई वर आणायचं, मग अक्षरांची अदलाबदल करून सर्व्हर सर्व्हिस रीस्टार्ट करायची. शेअरच्या नोंदी रजिस्ट्रीत मार्गासकट असतात, त्यामुळे सगळे शेअर जागेवर परत येतात. सर्व्हरवरचे लोकल ग्रुपही तसेच राहतात. नवं मशीन घेतलं की त्याच ग्रुपना दिलेल्या परवानग्या ‘एस-१-५-२१’ने सुरू होणाऱ्या लांबलचक आकड्यांसारख्या दिसू लागतात, आणि तो कुठला ग्रुप होता हे कुणालाच आठवत नसतं.

मशीनच बदलायचं असेल तर डीएफएस नेमस्पेस, म्हणजे लोकांना दिसणारा पत्ता आणि मागचा खरा शेअर यांची जोडणी ठेवणारी विंडोजची सोय. विंडोज २०००पासून तो डोमेनशी, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या मशीन आणि खात्यांच्या सामाईक नावाशी, जोडला गेला आणि पत्त्यातून सर्व्हरचं नाव एकदाचं हटलं. लोक डोमेनच्या नावाने शेअर उघडतात, मागचं टार्गेट, म्हणजे खरा शेअर, आपण बदलायचं. कागदावर हे एएफएसच्या कल्पनेकडे परतणंच होतं. खरी भांडणं झाली ती दोन टार्गेटवरून.

विंडोज सर्व्हर २००३ आर२मध्ये दोन सर्व्हरवरच्या फाइल्स आपोआप सारख्या ठेवणारं (रेप्लिकेशन) डीएफएस-आर आलं आणि एक मोहक विचार पसरला: जुनं आणि नवं दोन्ही टार्गेट चालू ठेवा, मध्ये रेप्लिकेशन लावा, लोक हळूहळू नव्यावर सरकतील, कटओव्हरची, म्हणजे जुन्यावरून नव्यावर एकदम जाण्याची, रात्रच नको. याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा समजण्यासारखा आहे. रजेच्या दिवशी ऑफिसात कुणाला यायचंय? पण डीएफएस-आर फाइलचं कुलूप पलीकडे नेत नाही. एकच एक्सेल शीट दोघे दोन सर्व्हरवर उघडतात, दोघांनाही ती मोकळी दिसते, दोघेही सेव्ह करतात. ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याचं राहतं, दुसऱ्याचं काम एका लपलेल्या फोल्डरमध्ये जातं. त्या फोल्डरला आकाराची मर्यादा असते आणि ती भरली की जुनं पुसलं जातं. एरर कुणालाच दिसत नाही. ‘खंड पडला नाही’ असा अहवाल जातो आणि तीन आठवड्यांनी हिशेब जुळत नाही.

दुसरा गट म्हणायचा, एका वेळी एकच टार्गेट. तेही वाटतं तितकं झटपट नव्हतं, कारण क्लायंट आधी मिळालेला पत्ता लक्षात ठेवतो; फोल्डरसाठी डीफॉल्ट मुदत १८०० सेकंद. म्हणजे टार्गेट बदलल्यावरही अर्धा तास, कधी त्याहून जास्त, कुणी ना कुणी जुन्याच ठिकाणी लिहीत असतो. म्हणून जुना शेअर आधी रीड-ओन्ली करायचा, आणि तिथे दहा-पंधरा मिनिटांचा खंड पडतोच. मी याच गटातला. सांगून घेतलेली पंधरा मिनिटं मला परवडतात.

पुढच्या गोष्टी भराभर आल्या. २००७च्या सुमारास चालू व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या सर्व्हरची) डिस्क एका स्टोरेजवरून दुसऱ्यावर नेता येऊ लागली. आतल्या सर्व्हरला पत्ताही लागत नाही आणि उघडी फाइल उघडीच राहते. मात्र ती डिस्क २ टीबीच्या आत असायला हवी होती. ती भिंत २०१२-१३मध्ये पडली: मायक्रोसॉफ्टचा व्हीएचडीएक्स हा डिस्कचा प्रकार ६४ टीबीपर्यंत गेला, व्हीएमवेअरचा व्हीएमडीके ६२ टीबीपर्यंत. २०१२च्याच एसएमबी ३.० या विंडोजच्या फाइल शेअरिंग प्रोटोकॉलमध्ये, एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांच्या गटातला (यालाही क्लस्टरच म्हणतात) एक सर्व्हर पडला तरी उघडी फाइल टिकू लागली. याला पुष्कळ जण स्थलांतराचा उपाय समजून बसले. पण तिथे सर्व्हर बदलतो, मागचा डेटा जागचा हलत नाही.

विंडोज सर्व्हर २०१९मधल्या स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिसने नावाचा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने मिटवला. कटओव्हरच्या वेळी नवं मशीन जुन्याचं नाव आणि आयपी पत्ता घेतं, जुन्याला भलतंच नाव चिकटवून बाजूला ठेवलं जातं. दोन्ही रीस्टार्ट होतात, तेवढ्या वेळात उघडे सेशन तुटतात. लोक परत येतात तेव्हा मॅप केलेले ड्राइव्ह, शॉर्टकट आणि एक्सेलमधल्या लिंका त्याच जुन्या नावाने उघडतात.