वास थिनरचा, धोका हार्डनरचा

गॅरेजमधला पेंटर गाडीवर रंगाचा फवारा मारणारी गन चालवण्याआधी तोंडाला रुमाल बांधतो, तो प्रामुख्याने थिनरच्या, म्हणजे रंग पातळ करणाऱ्या द्रवाच्या वासासाठी. वास डोक्यात चढू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि रुमाल ओला करून घेतला की ती पुरी झाल्यासारखी वाटते. थिनरची वाफ ओल्या कापडातूनही आरपार जाते, ही गोष्ट वेगळी. नाकाला जाणवेल तोच धोका, हा समज या धंद्यात इतका का मुरला, हे कळण्यासाठी शंभरेक वर्षे मागे जावे लागते.

मोटारींच्या आरंभीच्या काळात त्यांचे रंगकाम घोडागाडीसारखेच होत असे. तेलाचा रंग आणि व्हार्निश यांचे ब्रशने हात मारायचे, वाळू द्यायचे, घासायचे आणि पुन्हा हात मारायचा, असे करता करता एका गाडीला कित्येक आठवडे लागत. त्या काळी रंगाऱ्याचा मोठा वैरी म्हणजे शिसे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्ये शिशाच्या सफेद्यावर निर्बंध घालणारा करार केला. तो मात्र मुख्यतः इमारतींच्या आतील रंगकामापुरता होता.

रंगकामाचा वेग वाढवणाऱ्या गनचे मूळ गमतीदार आहे. अमेरिकेतील टोलेडो शहरातले डॉक्टर ॲलन डीव्हिल्बिस यांनी रुग्णांच्या घशात औषधाचा फवारा मारण्यासाठी एक उपकरण तयार केले होते, आणि पुढे त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी त्याच तत्त्वावर रंगाची गन बनवली. श्वासमार्गात औषध पोहोचवण्यासाठी द्रवाचे सूक्ष्म थेंब करण्याची युक्ती अशा रीतीने रंगाच्या कामी आली, आणि रंगही त्याच वाटेने छातीत उतरू लागला.

१९२४ च्या मॉडेलच्या ‘ओकलंड’ या अमेरिकी गाड्यांवर ड्यूपॉन्ट कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला आणि आठवड्यांचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले. आपल्याकडे ‘ड्यूको’ हे त्या जातीच्या रंगकामाचेच नाव होऊन बसले. हा रंग केवळ थिनर उडून वाळतो. त्यामुळे त्याचा धोका उघड होता: उग्र वास, गरगरणे आणि आगीची भीती. ‘वास आला तर जप’ ही शिकवण या रंगाच्या बाबतीत अगदीच चुकीची नव्हती.

ती चुकीची ठरली हार्डनरमुळे, म्हणजे रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळायच्या द्रव्यामुळे. जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये आयसोसायनेट जातीच्या रसायनांपासून पॉलीयुरेथेन हे प्लास्टिक बनवण्याची रीत शोधली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर आधारलेले दोन घटकांचे रंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘टू-के’ किंवा ‘पीयू’, दुरुस्तीच्या कामात रुळले. हा रंग नुसता वाळत नाही. हार्डनरमधील आयसोसायनेट रंगातील रेझिनशी, म्हणजे राळेसारख्या घटकाशी जोडले जाऊन कडक पापुद्रा तयार होतो. पेट्रोल सांडले तरी न बिघडणारी चकाकी त्यातूनच येते. परंतु आयसोसायनेटची हवेतली मात्रा घातक पातळीवर गेली तरी नाकाला ती सहसा कळत नाही. त्यामुळे हवा गाळणाऱ्या डबीचा, म्हणजे काडतुसाचा मास्क निकामी झाल्याचे वासावरून ओळखता येत नाही, आणि म्हणूनच स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क वापरण्यावर तज्ज्ञांचा भर असतो.

आयसोसायनेटमुळे होणाऱ्या दम्यासारख्या विकाराची नोंद फ्रान्समध्ये १९५१ मध्येच झाली होती. शरीर एकदा त्याला संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही पुरते, आणि धाप अनेकदा काम संपल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री लागते. साहजिकच दोष धुळीला, हवापालटाला किंवा विडीला दिला जातो.

भारतात आयसोसायनेट हा शब्द सर्वतोमुखी झाला तो डिसेंबर १९८४ मधील भोपाळ दुर्घटनेने. तेथील मिथाइल आयसोसायनेट आणि हार्डनरमधील द्रव्य एक नव्हे, कूळ मात्र एकच. दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले. कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आयसोसायनेटची विषबाधाही आहे. पण मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी किमान १० कामगार असले तरच तो कारखाना ठरे, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही संख्या २० केली. मालक, पेंटर आणि एक हेल्पर अशा तिघांचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज त्यात कुठे बसणार?

ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेने बारकाईने हेरलेली एक सवय येथे सांगण्याजोगी आहे. शेवटचा हात मारून गन थांबली की पेंटर लगेच मास्क वर करतो आणि ओघळ आले का, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा उठला का, ते पाहतो. डोळ्यांना बूथ, म्हणजे रंगकामाची बंदिस्त खोली, मोकळा दिसतो, पण सूक्ष्म थेंब हवेत तरंगतच असतात. ते निघून जायला चांगल्या बूथमध्येही काही मिनिटे आणि साध्या खोलीत त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून अधिक डायआयसोसायनेट असलेला माल व्यवसायात वापरण्यापूर्वी प्रशिक्षण सक्तीचे आहे. दरम्यान थिनर कमी करण्यासाठी पाण्यावर आधारित रंगही आले. त्यांचा वास सौम्य असतो, पण त्यावर मारायच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये बहुधा तोच हार्डनर मिसळलेला असतो.