ग्रामपंचायतीचा ऑडिट रिपोर्ट आणि विकासाचे गुण: दोन्ही कागद कसे मिळवायचे, शेजारी ठेवून कसे वाचायचे

ऑडिट झालं म्हणजे गावाचा कारभार चांगला, असं बरेच जण समजतात. लेखापरीक्षक मुळात पाहतो ते व्हाउचर, रोकडवही आणि मोजमाप पुस्तिका (झालेलं काम मोजून नोंदवायची वही), म्हणजे पैसा नियमाने खर्च झाला की नाही. त्या पैशाने नळाला पाणी आलं का, हा प्रश्न त्याच्या रकान्यात सहसा नसतो. त्याचं उत्तर शोधायला दुसरा कागद लागतो: शाश्वत विकासाच्या निर्देशकांवर गावाला मिळालेले गुण.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये 17 शाश्वत विकास ध्येये ठरवली. ती गावपातळीवर आणताना केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने त्यांच्या नऊ संकल्पना केल्या: गरिबीमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ व हरित, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित, सुशासनयुक्त आणि महिलास्नेही गाव. या नऊंवर ग्रामपंचायतींना गुण देणारा ‘पंचायत उन्नती निर्देशांक’ एप्रिल 2025 मध्ये पहिल्यांदा जाहीर झाला. माहिती 2022-23 ची, निर्देशक 435, आणि पडताळणीनंतर मोजलेल्या पंचायती 2 लाख 16 हजारांहून अधिक. 90 च्या वर गुण मिळवून सर्वात वरच्या गटात एकही पंचायत बसली नाही, हे विशेष.

सरकारी लेखापरीक्षणातही हा विचार आलेला आहे. देशाच्या महालेखापरीक्षकांनी 2019 च्या अहवालात या ध्येयांच्या अंमलबजावणीची तयारी तपासली होती आणि निवडलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. गावात मात्र हा मेळ आपल्यालाच घालावा लागतो.

अर्ज कोण करू शकतो

माहिती अधिकार कायदा 2005 नुसार भारताचा कोणताही नागरिक. गावचा रहिवासी असण्याची अट नाही. नोकरीनिमित्त मुंबईत किंवा दुबईत राहणाऱ्यालाही गावचा अहवाल मागता येतो, नागरिकत्व भारतीय हवं इतकंच. कारण सांगावं लागत नाही. ‘तुम्हाला कशाला पाहिजे?’ असं कुणी विचारलं, तर कलम 6(2) चं नाव घ्यायचं.

ग्रामसभेत प्रश्न विचारायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गावच्या मतदार यादीत नाव लागतं.

आधी न मागता मिळतं ते पाहा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, शेवटची लेखापरीक्षण टिपणी आणि तिला दिलेली उत्तरं पंचायतीने मांडायची असतात. बहुतेक गावांत ‘अहवाल वाचून कायम’ एवढ्या एका ओळीत हे उरकतं. तेव्हा आधी ते कागद ग्रामसभेतच मागून पाहा. एक अर्ज वाचेल.

वित्त आयोगाच्या निधीचे हिशेब ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर असतात. त्यांचं लेखापरीक्षण ऑडिटऑनलाइन या सरकारी प्रणालीवर होतं, तेही पाहून घ्या.

अर्जात काय लिहायचं

महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या नमुन्यात करायचा. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर 150 शब्दांपर्यंत. इथेच बहुतेकांचं चुकतं. ‘माझ्या गावात भ्रष्टाचार का झाला?’ हा प्रश्न झाला, माहिती नव्हे. कागदाचं नाव आणि वर्ष लिहा:

‘ग्रामपंचायतीचा सन 2022-23 चा लेखापरीक्षण अहवाल, त्यातील आक्षेपांवर सादर केलेला अनुपालन अहवाल, त्याच वर्षाचे नमुना 3 चे जमाखर्च विवरण व आक्षेप पूर्ततेचा नमुना 27 यांच्या साक्षांकित प्रती.’

निर्देशांकासाठी दुसरा अर्ज: ‘पंचायत उन्नती निर्देशांकासाठी सन 2022-23 करिता ग्रामपंचायतीने भरलेली निर्देशकनिहाय माहिती आणि संकल्पनानिहाय गुण.’ नुसते गुण मागू नका, भरलेली माहिती मागा. गुण निर्देशांकाच्या पोर्टलवरही दिसतात, पण कोणत्या निर्देशकाला कोणता आकडा भरला ते हातात आल्याशिवाय ताडून पाहता येत नाही.

वर्ष दोन्ही अर्जांत एकच ठेवा. निर्देशांक 2022-23 चा आणि ऑडिट 2024-25 चं, असे कागद आले तर त्यांचा आपसात काही संबंध लागत नाही.

सोबत काय लागतं

10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तो ग्रामपंचायतीत मिळत नाही, तालुक्याला जाल तेव्हा चार-पाच आणून ठेवा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, त्याचा दाखला मात्र जोडावा लागतो. प्रतींचे पानाला 2 रुपये, ते नंतर कळवतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोचपावती नसेल तर पुढचं अपील लंगडं पडतं.

अर्ज जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा, ग्रामपंचायतीत तो बहुधा ग्रामपंचायत अधिकारीच (2024 पर्यंत याच पदाला ग्रामसेवक म्हणत). कागद दुसऱ्या कार्यालयात असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्याचंच काम. स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयात जा, असं तोंडी सांगून परत पाठवता येत नाही.

उत्तरासाठी मुदत 30 दिवस. ती उलटली किंवा उत्तर अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ब, 20 रुपये. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथली रांग लांब असते, म्हणून पहिला अर्जच नेटका करण्यात शहाणपण.

कागद आल्यावर

पाण्यापासून सुरुवात करा. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळात ग्रामपंचायतीला आलेल्या निधीतले 60 टक्के बंधित होते, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचे: निम्मे पाण्यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. म्हणजे जलसमृद्ध गाव आणि स्वच्छ व हरित गाव या दोन संकल्पनांमागे नेमका पैसा उभा आहे, मेळ तिथेच लवकर लागतो.

समजा, निर्देशकात सगळ्या घरांना नळजोडणी दाखवली आहे आणि ऑडिटमध्ये पाइपलाइनच्या कामावर ‘मोजमाप पुस्तिकेत नोंद आढळली नाही’ असा आक्षेप आहे. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पण काम मोजलंच नसेल, तर जोडण्या मोजल्या कुणी? हा प्रश्न एकट्या ऑडिटमधून निघत नाही आणि एकट्या गुणांतूनही नाही. उलटही घडतं: आक्षेप शून्य, खर्च पूर्ण, आणि स्वच्छतेचे गुण तळाला. तिथे चोरी शोधू नका, कामाची निवड पाहा. वस्तीत सांडपाणी वाहत असताना बंधित पैशातून काय केलं, ते पंचायतीच्या विकास आराखड्यात सापडेल.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. निर्देशांकाची माहिती पंचायत आणि खात्यांची कार्यालयंच भरतात, पडताळणी पुढे तालुका-जिल्हा पातळीवर होते. त्यामुळे गुणांना परीक्षेच्या निकालासारखं मानू नका. वाडीवर जाऊन दहा घरांचे नळ सोडून पाहा, आणि वार-वेळ लिहून ठेवा.

ग्रामसभेत मांडताना

प्रश्न आधी लेखी द्या आणि पोच घ्या. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती. ती नसेल तर सभा तहकूब होते, म्हणून शेजारपाजारचे चार जण सोबत न्या. तक्रारीच्या सुरात बोललात की सभेची दोन गटांत वाटणी होते आणि विषय बाजूला पडतो. त्यापेक्षा ठराव मागा: अमुक आक्षेपाची पूर्तता अमुक तारखेपर्यंत करून नमुना 27 पुढच्या सभेत ठेवावा. ठराव इतिवृत्तात आला का, हे सभा संपल्यावर तिथेच बसून वाचून घ्या.