चक्रीवादळ आणि आपला संग्रह : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या पेढीतून जुनी नाणी, चलनी नोटा, टपाल तिकिटे आणि जुने छापील साहित्य घेणाऱ्या ग्राहकांपैकी बरेच जण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर राहतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत शिरले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लगटून गुजरातकडे गेले. तेव्हापासून संग्रह कसा सांभाळावा, याबद्दल आमच्याकडे वारंवार विचारणा होते. अरबी समुद्रातील वादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, त्यामुळे हे पत्रक त्याआधी वाचून हाताशी ठेवावे, अशी विनंती आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक वाटते. संग्रहाचे नुकसान प्रत्यक्ष वाऱ्याने क्वचितच होते. ते वारा पडल्यानंतरच्या ओल्या, अंधाऱ्या दिवसांत होते. निसर्गच्या वेळी ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा काही तासच टिकला, पण कौले आणि पत्रे उडालेल्या घरांत पाऊस थेट वरून आला, रायगड जिल्ह्यातील अनेक गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले, आणि घरे शाकारून होण्याआधीच मोसमी पाऊस दाखल झाला. पंखा नाही, दारे-खिडक्या बंद, हवेत ओल, अशा खोलीत भिजलेल्या कागदावर दोन ते तीन दिवसांत बुरशी धरते. पुढील सूचना या दोन-तीन दिवसांना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिल्या आहेत.

वादळाची सूचना मिळाल्यावर

भारतीय हवामान विभाग वादळाची पिवळ्या रंगाची सूचना किमान ४८ तास आधी आणि नारिंगी रंगाची सूचना किमान २४ तास आधी देतो. संग्रह हलवायचा असेल, तर तो पिवळ्या सूचनेवरच हलवावा, कारण नारिंगी सूचनेनंतर घरातील माणसे, गुरे, होडी आणि छप्पर यांतून कोणालाच उसंत मिळत नाही आणि मिळूही नये.

पूर म्हटला की वस्तू माळ्यावर टाकायची आपली जुनी सवय आहे. चक्रीवादळात मात्र कौलारू किंवा पत्र्याच्या घराचा पोटमाळा ही सर्वांत धोक्याची जागा ठरते, कारण तेथे छप्पर गेले की मधे काहीच उरत नाही. शक्य असल्यास स्लॅब असलेल्या घरात, समुद्राकडे भिंत नसलेल्या आतल्या खोलीत, जमिनीपासून टेबलाएवढ्या उंचीवर पेटी ठेवावी. लोखंडी कपाटावर फार विसंबू नये. फटींतून शिरलेले पाणी त्याच्या खणात साचते आणि बाहेरून कपाट कोरडे दिसत असताना आत अल्बमचा खालचा कोपरा दिवसभर पाणी पीत राहतो.

पेटी म्हणून घट्ट झाकणाचा, कडेला रबरी पट्टी असलेला प्लास्टिकचा डबा पुरेसा आहे. आत झिपच्या पिशव्या आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. सिलिका जेलचे निळे खडे गुलाबी झाले असतील तर त्यांनी आधीच ओल शोषून घेतलेली असते; ते मंद आचेवर तव्यात निळे होईपर्यंत गरम करून पूर्ण थंड झाल्यावरच वापरावेत, आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. वस्तू कोरडी असतानाच डबा बंद करावा, कारण दमट अल्बम घट्ट बंद केला तर आपणच बुरशीची सोय करून देतो.

प्रमाणित, म्हणजे तज्ज्ञ संस्थेने तपासून प्रमाणपत्र दिलेल्या, नाण्यांच्या पारदर्शक सीलबंद डब्या जलरोधक असतात, असा समज बऱ्याच ग्राहकांमध्ये आढळतो. त्या तशा नसतात, म्हणून त्याही पिशवीत घालाव्यात. मऊ पीव्हीसीच्या जुन्या पाकिटांतील नाणी तर वादळाची वाट न पाहता आजच काढावीत. उष्णता आणि दमटपणा मिळाला की त्या प्लास्टिकमधून आम्ल सुटते आणि नाण्यावर चिकट हिरवा थर चढतो.

यादी तयार ठेवणे हे कंटाळवाणे काम आहे, परंतु नंतर तेच सर्वांत जास्त उपयोगी पडते. प्रत्येक महत्त्वाच्या नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, ग्रॅममधील वजन, खरेदीची पावती आणि प्रमाणपत्र क्रमांक एकत्र करून त्याची एक प्रत घाटावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावी. निसर्गनंतर मोबाइलचे मनोरेही बंद पडले होते, त्यामुळे केवळ फोनमध्ये असलेली यादी ऐन वेळी नसल्यासारखीच असते.

वस्तू भिजल्यास

सर्वप्रथम भिजलेल्या स्थितीतील छायाचित्रे काढावीत आणि मग कागदाकडे वळावे, कारण धातू थोडा थांबू शकतो, कागद थांबत नाही.

वापरलेली, म्हणजे शिक्का पडलेली टपाल तिकिटे भिजली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ती लिफाफ्यावरून सोडवण्यासाठी आपण एरवीही पाण्यात टाकतोच. मात्र ज्यांचे रंग पाण्यात फुटतात अशी जुनी तिकिटे वेगळी ठेवावीत. खरी अडचण मागच्या डिंकासह असलेल्या कोऱ्या तिकिटांची असते. ती अल्बमला चिकटली असतील तर ओढून सोडवू नयेत. पान जसेच्या तसे टिपकागदांत ठेवून आमच्याकडे आणावे. चकचकीत कागदावर छापलेली मासिके आणि दिवाळी अंक वाळताना पान पानाला असे घट्ट धरतात की नंतर ते सुटणे अशक्य होते, म्हणून अशा अंकांची पाने ओली असतानाच अलगद विलग करून मधे बटर पेपर घालावा. छायाचित्रे एकमेकांना चिकटली असतील तर ती सुकू न देता स्वच्छ थंड पाण्यात ठेवून सुटी करावीत. पण असे पाण्यात ठेवणे दोन दिवसांपलीकडे नेऊ नये.

जुन्या नोटांचा कागद कापसाच्या तंतूंचा असल्याने तो पुष्कळ सोसतो. ओली नोट सपाट ठेवावी, वर-खाली टिपकागद द्यावा आणि तो ओला होताच बदलावा. नोटेवर इस्त्री फिरवू नये. इस्त्रीने सुरकुती जाते हे खरे, पण नोटेची उठावदार छपाईही दबते आणि जाणकार ग्राहकाला ते बोट फिरवताच कळते.

हाताळायला वेळ नसेल इतका कागद भिजला असेल, तर तो बटर पेपरमध्ये गुंडाळून, पिशवीत बंद करून थेट फ्रीझरमध्ये ठेवणे हा उत्तम मार्ग आहे. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि पुढची उस्तवार सवडीने करता येते. गावात वीज नसेल तर मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून पुडके घाटावर आणता येते. पेटी आधी नीट धुऊन घ्यावी, कारण तो वास कागदातून कशानेच जात नाही. छायाचित्रांच्या जुन्या काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवू नयेत.

नाण्यांच्या बाबतीत कोणता धातू खाऱ्या पाण्यात किती टिकतो, याचा निवाडा वादळांनीच करून ठेवला आहे. १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ चक्रीवादळात बुडालेल्या 'आतोचा' या स्पॅनिश जहाजावरील चांदीची नाणी १९८५ मध्ये वर काढली, तेव्हा ती काळवंडून गेली होती आणि बरीचशी एकमेकांना चिकटून ढेकळे झाली होती. उलट १८५७ मध्ये अटलांटिकमधील वादळातच बुडालेल्या 'सेंट्रल अमेरिका' या जहाजावरची सोन्याची नाणी १३० हून अधिक वर्षांनी लखलखीत निघाली. सोन्याचा होन भिजला तर स्वच्छ पाण्याने धुणे पुरेसे आहे. व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या रुपयाला थोडी घाई करावी लागते. तांब्याची शिवराई सर्वांत नाजूक, कारण खारे पाणी तांब्यात मुरले की त्यातील क्षार आतून काम करीत राहतात आणि काही महिन्यांनी नाण्यावर फिकट हिरवी भुकटी फुटू लागते. यावर उपाय म्हणजे नाणे डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवणे आणि ते पाणी पुन्हा पुन्हा बदलणे. त्यानंतर सुती कपड्याने टिपून, पुसून नव्हे, सिलिका जेलच्या डब्यात पूर्ण कोरडे होऊ द्यावे.

चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पूड, दात घासायचा ब्रश यांपैकी काहीही नाण्याला लावू नये. वादळानंतर आमच्याकडे येणाऱ्या नाण्यांत पाण्याने बिघडलेल्या नाण्यांपेक्षा घासून बिघडवलेली नाणी अधिक असतात.

लाखेच्या ७८ गतीच्या रेकॉर्डी स्पिरिटने पुसू नयेत, लाख त्यात विरघळते.

बँक लॉकर आणि विमा

लॉकरमध्ये संग्रह निर्धास्त राहतो, हा समज अर्धाच खरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकानुसार, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून, आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक यांमुळे झालेल्या नुकसानीबद्दल बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत धरली आहे. पूर, भूकंप, वादळ अशा नैसर्गिक आपत्तीसाठी मात्र बँक जबाबदार नाही. जाड दरवाजा पाणी अडवत नाही, हे ऑक्टोबर २०१२ मधील सँडी वादळात न्यूयॉर्कमध्ये दिसले; तेथे तळघरातील एका तिजोरीत पाणी शिरून शेअर आणि कर्जरोख्यांची दहा लाखांहून अधिक प्रमाणपत्रे भिजली होती. आपला लॉकर तळमजल्यावर किंवा तळघरात असेल आणि शाखा खाडीलगत असेल, तर वरच्या मजल्यावर सोय असलेल्या शाखेची चौकशी करावी, आणि तोवर लॉकरमधील वस्तूही पिशवीबंदच ठेवाव्यात.

घराच्या विम्यात वादळ आणि पूर यांचा समावेश असतो, पण नाण्यांचा असतोच असे नाही. एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत नाणी, कागदी चलन, हस्तलिखिते आणि दस्तऐवज हे स्पष्ट उल्लेख नसल्यास वगळलेले आहेत. मौल्यवान वस्तूंसाठी ठरलेल्या किमतीवर वेगळे संरक्षण घेता येते. ते घेताना आपल्या नाण्यांचा आणि नोटांचा उल्लेख पॉलिसीत लेखी करून घ्यावा आणि एजंटच्या तोंडी होकारावर थांबू नये. नुकसान झाल्यास विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत एकही वस्तू, कितीही खराब झालेली असली तरी, फेकू नये. छायाचित्रे काढून ती सुकवण्यास मात्र हरकत नसते. किंबहुना नुकसान वाढू न देणे ही पॉलिसीधारकाचीच जबाबदारी मानली जाते.

वादळाच्या काळातील आमचे व्यवहार

किनारपट्टीसाठी पिवळी सूचना निघाली की त्या भागातील पार्सले आम्ही दुकानातच थांबवतो आणि रस्ते व टपाल सुरळीत झाल्यावर विमा उतरवून पाठवतो. या विलंबाचे कोणतेही शुल्क घेतले जात नाही. वादळापूर्वी आपला संग्रह आमच्याकडे ठेवायचा असल्यास आपल्यासमोर वजन व छायाचित्रे घेऊन, यादीवर दोघांच्या सह्या करून तो ठेवून घेतला जाईल. वादळानंतर भिजलेल्या वस्तूंची पहिली तपासणी विनामूल्य आहे. ओल लागलेली वस्तू पुढे कधी आमच्यामार्फत विकली गेली, तर तसा उल्लेख तिच्या चिठ्ठीवर केला जातो, आणि काही ग्राहकांना तो गैरसोयीचा वाटला तरी आम्ही तो काढत नाही.

वादळ ओसरल्यावर गावोगाव मोटारसायकलवर फिरून 'खराब झालेली नाणी' किलोच्या भावाने मागणारे लोक येतात. चिखलाने माखलेली शिवराई आणि चिखलाने माखलेला साधा पैसा त्या वेळी सारखाच दिसतो, आणि छपरासाठी पैशांची निकड असताना समोरचा आकडा मोठा भासतो. म्हणून नाणी धुऊन, सुकवून, यादीशी ताडून झाल्याशिवाय कोणालाही विकू नयेत. यात आमचाही अपवाद नाही. वादळग्रस्त ग्राहकांकडून पहिला महिनाभर आम्ही खरेदी करीत नाही. रोख रकमेची तातडी असल्यास वस्तू तारण ठेवून घेण्याचा परवाना आमच्याकडे नाही. त्यासाठी आपल्या बँकेशी किंवा पतसंस्थेशी बोलावे. त्यांना वस्तूंचे लेखी मूल्यांकन लागल्यास ते आम्ही दोन दिवसांत करून देतो.