हलकी क्रीडा-विमाने : रात्रीच्या दृश्य-उड्डाणासाठी सज्जता

लाइट-स्पोर्ट प्रवर्गातील विमान अंधारात, पण बाहेर पाहतच उडवता यावे म्हणून त्यात दिवे, वीजपुरवठा आणि पॅनेलचा उजेड यांची केलेली तजवीज. हा प्रवर्ग अमेरिकेत सप्टेंबर २००४ पासून नियमबद्ध झाला. प्रस्तुत नोंदही मुख्यतः तेथील पद्धतीची आहे. मूळ व्याख्येत कमाल उड्डाणभार ६०० किग्रॅ. (पाण्यावर उतरणाऱ्यास ६५०), दोन आसने, एकच पिस्टन इंजिन आणि सपाट उड्डाणात १२० नॉट वेग या मर्यादा होत्या. तीत रात्रीची बंदी नव्हती. बंदी होती ती स्पोर्ट पायलट परवानाधारकाला. वैद्यकीय दाखला असलेला प्रायव्हेट पायलट सज्ज विमान रात्री नेऊ शकत असे.

कोणती साधने हवीत, यापेक्षा ती कोणत्या कागदाने सक्तीची होतात यावर वाद अधिक आहे. अमेरिकी हवाई नियम ९१.२०५ मधील रात्रीची यादी आटोपशीर आहे : स्थितिदर्शक दिवे, लाल किंवा पांढरा टक्करप्रतिबंधक दिवा, बसवलेल्या सर्व विद्युत् व रेडिओ साधनांना पुरेल असा वीजस्रोत, आणि वैमानिकाच्या हाताशी सुटे फ्यूज, एक पूर्ण संच किंवा प्रत्येक प्रकारचे ३. भाड्याने उडणाऱ्या विमानास लँडिंग लाइटही लागतो. पण हा नियम शब्दशः ‘स्टँडर्ड’ उड्डाणयोग्यता-प्रमाणपत्राच्या विमानांना उद्देशून आहे आणि कारखान्यात तयार होणाऱ्या लाइट-स्पोर्ट विमानाचे प्रमाणपत्र ‘स्पेशल’ असते. म्हणून यादी त्यास लागूच नाही, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार विमानासोबत दिलेल्या परिचालन-मर्यादांच्या पत्रातून ती लागू होते. दुसरे मत व्यवहारात अधिक टिकते. तरी निर्णायक ठरते ती उत्पादकाची पुस्तिका. तीत किंवा पॅनेलवरील पट्टीवर ‘फक्त दिवसा’ असेल, तर सगळे दिवे असूनही उड्डाण नियमबाह्यच. एएसटीएम या मानकसंस्थेच्या एफ-२२४५ या मानकातही रात्रीच्या विमानांसाठी वेगळ्या अटी आहेत.

कारखानी विमानात मालकाने परस्पर दिवे बसवणे चालत नाही. उत्पादकाचे अनुमतिपत्र लागते. उत्पादक बुडालेला असला की येथेच गाडे अडते. मग काही जण विमान ‘एक्सपेरिमेंटल’ लाइट-स्पोर्टमध्ये वर्ग करून घेतात. त्याने बदलाची मोकळीक मिळते, पण विमान भाड्याने देण्याची सोय जाते.

‘रात्र’ही एक नाही. दिवे सूर्यास्तापासून लावायचे; रात्रीचे तास नागरी संधिप्रकाश संपल्यापासून नोंदवायचे; प्रवासी नेण्यासाठी ९० दिवसांतील ३ उड्डाणे व पूर्ण थांबून केलेल्या ३ उतरणी मात्र सूर्यास्तानंतर १ तास उलटल्यावरच्या धरायच्या. राखीव इंधन दिवसा ३० मिनिटांचे, रात्री ४५ मिनिटांचे.

स्थितिदर्शक दिव्यांत डावा लाल व उजवा हिरवा असून दोन्ही समोरून बाजूला ११० अंशांपर्यंत दिसतात. मागचा पांढरा उरलेले १४० अंश व्यापतो. तो शेपटीऐवजी दोन्ही पंखटोकांवर चालतो, त्यामुळे शेपटीपर्यंत तार ओढावी लागत नाही. स्ट्रोबचा (लखलखणाऱ्या टक्करप्रतिबंधक दिव्याचा) झोत पंखाच्या पांढऱ्या पाठीवर वा पंख्यावर पडून डोळे दिपत असतील, तर आडोशाची पट्टी लावतात. कंपोझिट (तंतू व राळेच्या) सांगाड्यातून वीज परतत नाही. प्रत्येक दिव्याला ऋण बाजूची स्वतंत्र तार हवी. धातूच्या विमानाची सवय असलेला कारागीर नेमका येथे चुकतो. स्वस्त एलईडीच्या चालक-मंडलातून व्हीएचएफ रेडिओत खरखर येते. स्ट्रोब चालू करताच स्क्वेल्च (संदेश नसताना रेडिओची खरखर दाबून ठेवणारे मंडल) आपोआप उघडला, तर दोष तेथेच समजावा. उपाय : पीळ दिलेली, आच्छादित तार, आच्छादन एकाच टोकाला भूसंपर्कित.

खरी कसोटी विजेची. रोटॅक्स ९१२ यूएलएस या इंजिनाचे अंगभूत जनित्र पूर्ण फेऱ्यांवर सुमारे १८ अँपिअर देते, टॅक्सी करताना बरेच कमी. सततचा भार क्षमतेच्या ८० टक्क्यांत, म्हणजे १४.४ अँपिअरमध्ये ठेवावा. उदाहरणार्थ, एलईडी दिवे व स्ट्रोब २, ईएफआयएस (उड्डाणमापके दाखवणारा इलेक्ट्रॉनिक पडदा) ३, रेडिओ व ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारे यंत्र) २, इंधनपंप २ : बेरीज ९. यात एलईडी लँडिंग लाइटचे ३ मिळवले तर १२, निभते. १०० वॉटच्या जुन्या हॅलोजनचे ७.४ मिळवले तर १६.४, मर्यादा ओलांडते. शिवाय इंजिनाच्या आवरणातील कंपनाने हॅलोजनची तार लवकर तुटते. रेग्युलेटर उष्णतेने जळण्याची तक्रार जुनी आहे. त्यास थंड हवेचा झोत द्यावा व कमी व्होल्टेजचा इशारा-दिवा नजरेसमोर बसवावा. जनित्र बंद पडल्यास १३ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील साधारण ९ वापरता येतात. भार ६ अँपिअरवर आणला तर दीड तास. बॅटरी जुनी असल्यास हा हिशेब धरू नये.

पॅनेलचा उजेड मंद करता आला पाहिजे, ईएफआयएसचा पडदा धरून. बुडबुड्यासारख्या छतात पडद्याचे प्रतिबिंब धावपट्टीच्या दिव्यांवरच येऊन बसते. लाल विजेरीत नकाशावरील लाल रेघा दिसेनाशा होतात.

अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘मोझेक’ या सुधारित नियमांनी प्रशिक्षण, प्रशिक्षकाची नोंद आणि वैद्यकीय दाखला किंवा बेसिकमेड (त्या दाखल्याचा सोपा पर्याय) या अटींवर स्पोर्ट पायलटलाही रात्र खुली केली. भारतात सूर्यास्त ते सूर्योदय दृश्य-उड्डाण सर्वसाधारणपणे वर्ज्य असून हवाई वाहतूक नियंत्रणाने सूट दिलेली स्थानिक व प्रशिक्षण उड्डाणे याला अपवाद आहेत.