गोव्याचे ट्रम्पेटवाले आणि त्यांची भटकंती, थोडी पार्श्वभूमी

1951 सालचा 'अलबेला' ज्यांनी बघितलाय त्यांना भगवानदादा आठवतात, गीता बाली आठवते, सी. रामचंद्रांच्या चाली तर तोंडपाठ असतात, पण त्याच पिक्चरमधे आपल्या बँडसकट पडद्यावर दिसणारा चिक चॉकलेट कोण हे विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतील. हा माणूस म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे, बार्देश तालुका, जन्म 1916. ट्रम्पेट वाजवायचा, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, म्हणजे अमेरिकेतला तो नावाजलेला जॅझ ट्रम्पेटवाला, आणि हाही स्टेजवर आर्मस्ट्राँगसारखाच पांढरा रुमाल घेऊन घाम पुसत वाजवायचा. पण तो पिक्चरमधे आला तेव्हा त्याची आणि त्याच्यासारख्या बऱ्याच जणांची खरी नोकरी वेगळीच होती: हॉटेलांच्या डान्स बँडमधून, सीझन असेल तिथे वाजवत फिरायचं. ट्रम्पेट आपल्या सिनेसंगीतात आला कसा हे समजायचं तर आधी ही भटकंती समजून घ्यावी लागते, कारण ती मोडायला लागली तसतसे हे लोक स्टुडिओत स्थिरायला लागले, असं माझं मत आहे.

सुरुवात चर्चपासून. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून गोव्यात चर्चला जोडून ज्या शाळा काढल्या त्यात प्रार्थनेबरोबर संगीतही शिकवलं जायचं. शिकवणारा मेस्त्री कडक, आधी सोल्फेज म्हणजे नोटेशन बघून स्वर म्हणायला शिकायचं, मग व्हायोलिन, मग जे वाद्य हाताला लागेल ते. गावातल्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, ब्रास बँड लागायचा, तिथे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवाल्या पोरांना वाव मिळायचा. म्हणजे शेतकऱ्याच्या नाहीतर सुताराच्या घरातल्या मुलालाही कागद समोर ठेवला की पहिल्या फटक्यात वाजवता येत होतं. हे फार मोठं भांडवल होतं, पण गोव्यात त्याचा उपयोग काय? कारखाने नाहीत, नोकऱ्या नाहीत, जमीन भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची. मग माणूस बोटीवर खलाशी व्हायचा, कुणी खानसामा, कुणी शिंपी आणि ज्याला वाजवता येतं तो म्युझिशियन, आणि बहुतेक सगळ्यांची वाट पहिल्यांदा मुंबईलाच जायची.

मुंबईत उतरायला कूड असायची, म्हणजे गाववाल्यांची सामाईक राहायची जागा. धोबीतलावला, माझगावला, डाबूलला अशा कुडी होत्या, प्रत्येक गावाची आपली. एका मोठ्या खोलीत भिंतीकडेला ट्रंका, एका टोकाला देवघरासारखा आल्तार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची आणि रात्री चटई टाकून जागा मिळेल तिथे आडवं व्हायचं. धोबीतलावच्या जेर महालमधे अजूनही काही कुडी आहेत. खलाशी बोटीची वाट बघत तिथे राहायचे तसे म्युझिशियन काँट्रॅक्टची.

आणि ही काँट्रॅक्टं म्हणजे सीझनची. उन्हाळा लागला की साहेबलोक डोंगरावर जाणार, मग बँडही सिमला, मसुरी, नैनीताल, मरी इथल्या हॉटेलांत. थंडीत कलकत्त्याला रेस, ख्रिसमस, न्यू इयर, तेव्हा ग्रँड हॉटेल नाहीतर फिर्पोज रेस्टॉरंट. मधे मुंबई, लाहोर, कराची, काही जण थेट रंगून, सिलोन. कुठल्या संस्थानिकाला आपला स्वतःचा डान्स बँड हवा असेल तर तिथे. काँट्रॅक्ट बँडलीडर करणार, बाकीच्यांनी त्याच्या मागे जायचं. लीडरचं आणि मॅनेजरचं बिनसलं की सगळ्यांचंच बिऱ्हाड पाठीवर. बायकामुलं बहुधा गावीच. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड, जन्म 1919, हाही ट्रम्पेटवाला, मसुरीला रूडी कॉटनच्या बँडमधे वाजवायचा. हा रूडी कॉटन म्हणजे सॅक्सोफोन वाजवणारा पारशी, पण डान्स बँडच्या लाइनीत पारशी नाव काय चालणार, म्हणून कॉटन. चिक चॉकलेटही त्यातलाच म्हणायचा, वाझचा बँड म्हटलं असतं तर कोण आलं असतं नाचायला!

जॅझ कानावर रेकॉर्डमुळे पडत होतंच, पण समोरासमोर शिकायला मिळालं ते 1935 नंतर. त्या साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन व्हायोलिनिस्ट आपला कृष्णवर्णीय म्युझिशियन्सचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमधे आला. त्याच्या मागोमाग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आणि पियानोवाला टेडी वेदरफर्ड. हा क्रिकेट स्मिथ वयाने मोठा, न्यूयॉर्क करून, पहिल्या महायुद्धानंतरचं पॅरिस करून मग इथे आलेला. म्हणजे बघा, गोव्याचा पोरगा पोटासाठी मसुरीला चाललाय आणि अमेरिकेतला माणूस पोटासाठी मुंबईला आलाय. अर्थात त्याला आपल्या देशात कातडीच्या रंगामुळे जी वागणूक मिळायची त्यापेक्षा ताजचं स्टेज बरंच बरं होतं हेही खरं. गोव्याच्या पोरांना नोटेशन पाठ होतं, पण कागदावर नसलेलं वाजवायचं म्हणजे काय, सूर जरा वाकवायचा, ठेक्याच्या किंचित मागे राहायचं, हे या लोकांच्या शेजारी बसून आलं. वेदरफर्ड पुढे 1945 मधे कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. घरापासून इतक्या लांब.

आता थोडं वाद्याविषयी, कारण टूरचा खरा त्रास इथे कळतो. पियानोवाल्याची बोटं दुखतात, ट्रम्पेटवाल्याचा ओठच जातो. धातूचा माउथपीस ओठांवर टेकवून, कोपरे घट्ट धरून, मधल्या भागातून हवा सोडून ओठ थरथरवायचे, त्यातून आवाज निघतो. पिस्टन तीनच, बाकी सगळे स्वर ओठ आणि हवा यांच्या हिशोबावर. वरचे सूर लावायला जोर लागतो, आणि दमलेला माणूस हवेऐवजी माउथपीस ओठावर दाबायला लागतो. दाबला की रक्त अडतं, ओठ सुजतो, सुजला की सूर लागत नाही, सूर लागत नाही म्हणून अजून दाबतो. हॉटेलचा डान्स म्हणजे रात्री चार-पाच तास, फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुंबा, एकामागून एक. बँडमधे दोन-तीन ट्रम्पेट असतील तर वरचं कोणी वाजवायचं ते वाटून घेता येतं, पण छोट्या बँडमधे तुम्ही एकटेच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ बधिर असला तरी संध्याकाळी परत उभं राहायचं आहे. सुट्टी कसली, काँट्रॅक्टमधे ओठाचा उल्लेख नसतो. खुद्द आर्मस्ट्राँगचा ओठ असाच फाटला होता, ओठाचा गोल स्नायू फाटण्याच्या या दुखण्याला डॉक्टरांनी पुढे त्याच्याच टोपणनावावरून सॅचमो सिंड्रोम म्हटलं. तो जर्मनीतल्या मानहाइमहून खास ओठाचं मलम मागवायचा, वर्षानुवर्षं.

हवामानाचं अजून वेगळंच. थंडीत ट्रम्पेटचा सूर उतरतो, गरमीत चढतो. मसुरीत संध्याकाळी वाद्य पेटीतून काढलं की ते खाली लागणार, फुंकून फुंकून गरम करायचं, ट्यूनिंगची नळी आत ढकलायची, आणि अर्ध्या तासात हॉल माणसांनी भरून तापला की परत बाहेर ओढायची. मुंबईच्या पावसाळ्यात उलटा प्रकार, त्यात हॉटेलचा पियानो दमट हवेने स्वतःच बिघडलेला, आणि पियानो काही कोणाचं ऐकत नाही, जुळवून घ्यायचं ट्रम्पेटनेच.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा धंदा उलट वाढला. गोरे सोल्जर मोठ्या संख्येने मुंबई-कलकत्त्यात, त्यांना नाच हवा, त्यांना ताजी अमेरिकन गाणी हवीत. रंगून मात्र 1942 मधे जपान्यांनी घेतलं आणि ती बाजू बंद झाली. मुंबईत ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलमधे चिक चॉकलेटचा बँड जोरात होता, ताजमधे मिकी कोरियाचा, तो तर 1939 पासून 1960 पर्यंत तिथेच. असं एका जागी वीस वर्षं टिकणं म्हणजे लॉटरीच, सगळ्यांना थोडीच लागते.

मग 1947. साहेब गेला, डोंगरावरचा सीझन पातळ झाला, लाहोर-कराची-मरी दुसऱ्या देशात गेले. त्यातून सावरतोय तोवर मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा. बार नाही तर रात्री बारापर्यंत नाचायला कोण बसणार, आणि बसणारे नाहीत तर हॉटेलवाला दहा माणसांचा बँड कशाला पोसेल? काही जण कलकत्त्याला सरकले, तिथे पार्क स्ट्रीट ओली होती, म्हणजे दारू चालत होती. आणि 1955 पासून भारत-पोर्तुगाल ताणामुळे गोव्याची नाकेबंदी झाली, रेल्वे बंद, परमिटची भानगड, म्हणजे मुंबईतल्या गोवेकराला सणासुदीला आई-बापाकडे जाणंही अवघड. 1961 पर्यंत हे असंच चाललं.

याच वर्षांत सिनेमाची ऑर्केस्ट्रा मोठी होत होती. संगीतकाराच्या डोक्यात चाल असायची, पण तीस-चाळीस माणसांना कोणी काय वाजवायचं हे कागदावर उतरवणारा लागायचा, आणि तो कागद बघून लगेच वाजवणारेही. दोन्ही गोष्टी गोव्याच्या पोरांनी मेस्त्रीच्या छडीखाली शिकलेल्या. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवाले अरेंजर म्हणून पुढे आले, फ्रँक फर्नांड अनिल विश्वास, हेमंतकुमार यांच्याकडे राबला, चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे. आपले रामचंद्र चितळकर पुणतांब्याचे, शास्त्रीय शिकलेले, पण त्यांना हा गोव्याचा जॅझवाला माणूस पटला आणि त्यातून जे निघालं त्यावर लोक आजही लग्नात नाचतात. रेकॉर्डिंगचे पैसे रोजच्या रोज, रात्री आपल्या घरी झोपायला, ओठाला मधे मधे विश्रांती. भटक्या माणसाला अजून काय पाहिजे.

पण बदल्यात नाव गेलं. मसुरीच्या हॉटेलबाहेरच्या बोर्डावर बँडलीडरचं नाव मोठ्या अक्षरात असायचं, इथे रेकॉर्डच्या लेबलवर संगीतकार आणि गायक, अरेंजरलाच जिथे धड क्रेडिट नाही तिथे तिसऱ्या रांगेतल्या ट्रम्पेटवाल्याला कोण विचारतो. मला हा सौदा अन्यायाचा वाटतो, पण त्यांनी तो डोळे उघडे ठेवून केला होता. चिक चॉकलेटने 1951-52 मधे स्वतः एक-दोन पिक्चरना संगीतही दिलं, चाललं नाही. 1967 मधे तो गेला तेव्हा वय जेमतेम 51. फ्रँक फर्नांडने कमावलेले पैसे कोकणी सिनेमात घातले, 1963 चा 'आमचें नशीब' आणि 1966 चा 'निर्मोण', आणि गोव्यात त्याला लोक ओळखतात ते या दोन पिक्चरमुळे, ट्रम्पेटमुळे कमी.

मडगावचा क्रिस पेरी, जन्म 1928, त्याने मात्र बँड सोडला नाही. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलमधला व्हेनिस नाइटक्लब, पुढे गायिका लॉर्नाबरोबरचे शो आणि कोकणी रेकॉर्डी, हे सगळं ट्रम्पेट हातात ठेवून. पण सत्तरच्या दशकात नाइटक्लबांना उतरती कळा लागली, डिस्को आलं, नंतर स्टुडिओत सिंथेसायझर आला आणि एक माणूस कीबोर्डवर अख्खा ब्रास सेक्शन वाजवायला लागला. पेरीने दुबई गाठली. गल्फची हॉटेलं आणि क्रूझ शिप हा नवा सीझन झाला, आणि आज गोव्यातला वाजवणारा पोरगा बहुतेक तिथेच सापडतो, सहा-आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट, ट्रम्पेट विमानात केबिनमधे आपल्याजवळ ठेवायचा कारण लगेजमधे टाकला की बेल, म्हणजे पुढचं पसरट तोंड, चेपण्याची भीती, आणि बोटीवर आठवड्याचे सातही दिवस वाजवायचं. ओठाचं कलम या काँट्रॅक्टमधेही नाही.